सुईविना साखर सांगणाऱ्या महोदयांस

प्रति,
साखर दाखवणाऱ्या मनगटी घड्याळाचे निर्माते, विक्रेते व जाहिरातदार,
(पत्ता खोक्यावर छापलेला नाही.)



आपल्यासारख्या उपकारकर्त्यांना पत्र खरं तर थेट घरी पाठवायला हवं. पण मोबाइलवर जाहिरात आली, पैसे गेले, घड्याळ आमच्या करंजा गावात पोचलं आणि आपण अंतर्धान पावलात. पावतीवरचा नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत वाचावं लागतंय, क्षमा असावी.

आधी आभार. दोन हजारांच्या आत आपण नाडी, पावलं, झोप, रक्तदाब, प्राणवायू आणि रक्तातली साखर, सगळं एका पट्ट्यात बसवलंत. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्या माणसांची बोटं टोचली जाताना आपल्याला पाहवलं नाही. केवढं हे कोवळं मन!

आपल्या घड्याळाची नाडी मात्र खरी निघाली. त्याबद्दल विशेष धन्यवाद, कारण सगळा अनर्थ तिथूनच सुरू झाला. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश घटतो. शेजारचा सेन्सर हा चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. युक्ती पक्की आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली असे सात पट्टे तपासले, तेव्हा सहा पट्ट्यांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. किती उष्मांक जळले ते सांगताना मात्र त्यातला सर्वांत चांगला पट्टाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला. म्हणजे एकाच पट्ट्यावरचा एक आकडा भरवशाचा आणि त्याच्या शेजारचा अंदाजपंचे असू शकतो. हे गिऱ्हाइकाला सांगायची तसदी आपण घेतली नाहीत. त्याच्या डोक्याला ताप नको, हीच आपली माया.

माझे काका बोटीवरचे तांडेल, आणि मधुमेही. नवीन जीपीएस आणला की ते आधी द्रोणागिरीच्या डोंगरासारख्या ओळखीच्या खुणेवर तो ताडून बघतात आणि तिथे जुळला की मग धुक्यातही त्याचं ऐकतात. आपलं घड्याळही त्यांनी तसंच पारखलं. मनगटावर बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मिनिटभर ठोके मोजले. आकडा जुळला. मग त्यांनी साखरेवरही विश्वास ठेवला. महोदय, माणूस भोळा होता म्हणून फसला असं कृपया म्हणू नका. तो पारख करणारा होता. आपण त्याच्या पारखीचाच फायदा घेतलात. खऱ्या नाडीच्या शेजारी खोटी साखर छापलीत.

काकूंनीही घड्याळ घातलं आणि त्यांच्यावरही आपली कृपा झाली. घड्याळ पावलं मोजतं ते हाताच्या हेलकाव्यावरून. काकू धक्क्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघतात तेव्हा एक हात पाटीला धरलेला असतो, आणि घड्याळ नेमकं त्याच हाताला. हात हलत नाही, घड्याळाला पावलं दिसत नाहीत. घामाघूम होऊन घरी आलेल्या बाईला आपण रात्री कळवलंत की आज तुमची हालचाल फारच कमी झाली, जरा चाला. दहा हजार पावलांचा आपला आग्रहही मोठा गोड. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानच्या एका कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्या यंत्राच्या नावातला तो आकडा. वयस्क बायकांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपासच पुढचा फायदा थांबलेला दिसला. पण हे एक वेळ चालेल. पावलं चुकली म्हणून कोणी मरत नाही.

आता साखर. आपली जाहिरात म्हणते, ‘सुई नको, रक्त नको, मनगटावर साखर’. अमेरिकेच्या एफडीएने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला की कातडी न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर खरे असतात, पण त्यांचीही केसासारखी तार कातडीखाली जाते. ज्या कोड्यावर जगातल्या बड्या कंपन्या वर्षानुवर्षं पैसा ओततायत, ते आपण दोन हजारांत सोडवलंत! नोबेलवाल्यांना आपला पत्ता कळवला असता, पण पुन्हा तीच अडचण.

आपलं घड्याळ आम्ही बोटीवरच्या जाड दोरखंडाच्या वेटोळ्याला बांधून पाहिलं. दोराची साखर १०८ आली. पुन्हा दाबलं, ११४. प्रकृती उत्तम आहे म्हणायची.

हे बघायची बुद्धी आम्हाला मे महिन्यात झाली, आणि ती आपल्यामुळेच. काका सकाळी साखरेची गोळी घेऊन बोटीवर गेले. जाळं ओढण्याच्या गडबडीत जेवण राहिलं. दुपारी हात थरथरायला लागले, अंगाला गार घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं. खलाशी म्हणाला, नाखवा, साखर उतरली. काकांनी मनगट पुढे केलं, “मना काय झालां नाय, घड्याल बग.” घड्याळात १२६. त्या पोराने घड्याळ बघितलं आणि गप्प बसला. थोड्या वेळाने काका जाळ्यावरच कलंडले, तेव्हा दुसऱ्या म्हाताऱ्या खलाशाने आकडाबिकडा न बघता त्यांना साखरेचं पाणी पाजलं. काका वाचले. बोट किनाऱ्यापासून काही तासांवर होती आणि उतरलेली साखर तासांची वाट बघत नाही. त्या पोराला जे दिसत होतं ते बरोबर होतं. आपल्या आकड्याने त्याला गप्प केलं. याचे आभार कसे मानावेत, ते आपणच कळवा.

खोक्याच्या बुडाशी आपण छापलंय की हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही. इंग्रजीत, आणि इतक्या बारीक अक्षरात की मी मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचलं. साखरेच्या थेंबाचं चित्र मात्र तळहाताएवढं! महोदय, १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आपल्याला हे माहीत असणारच. नाहीतर ती बारीक अक्षरं कशाला छापली असतीत?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. बोटातला एक थेंब रक्त, काही सेकंद, खरा आकडा. काकांनी तिथे जाणं सोडलं होतं, कारण ती सोय आपण मनगटावर करून दिली होतीत. आता ते पुन्हा जाऊ लागलेत. घड्याळही वापरतात, नाडीपुरतं. साखरेच्या खुणेवर काकूंनी चिकटपट्टी लावली आहे.

सध्या मासेमारी बंदी आहे, बोटी धक्क्याला आहेत. १ ऑगस्टला त्या समुद्रात जातील आणि आपली घड्याळं घातलेली कितीतरी मनगटं त्यांच्यासोबत जातील. तोवर एवढं कराच. जाहिरातीतून साखर काढा. घड्याळाच्या पडद्यावरून तो थेंब पुसा. आणि ज्या ज्या मोबाइलवर जाहिरात पाठवलीत त्या प्रत्येकावर मराठीत, ठळक अक्षरात कळवा की साखरेचा आकडा खोटा होता, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी वाढवू नका, सोडू नका. नंबर आपल्याकडे आहेतच.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
एका तांडेलाची पुतणी
करंजा