कष्टकऱ्यांचं वाहन

अमेरिकन पिकअप ट्रकच्या प्रगतीबद्दल उत्पादकांचं जाहीर अभिनंदन करायला हवं. पूर्वी या गाडीत पुढं एकच बाक आणि मागं ८ फुटी हौदा असे. शेतकरी त्यात खुशाल चारा, खत, वासरं भरी. केवढा हा जागेचा अपव्यय! आज फोर्ड एफ-१५० च्या चार दरवाजांच्या गाडीत साडेपाच फुटी हौदा मिळतो. ८ फुटी प्लायवूड त्यात मावत नाही, हा सर्वस्वी प्लायवूडचा दोष.

याच गाडीचं 'किंग रँच' मॉडेल टेक्सासमधल्या नामांकित गुरांच्या रँचचं नाव मिरवतं. गुरांना आत मानाचं स्थानही आहे, सीटच्या कातड्याच्या रूपानं. ऑफिसात बसून कष्टलेल्या पाठीला मालिश करणारी सीट हवी असेल, तर तीही वरच्या मॉडेलांत मिळते.

पुढच्या पिढीत हौदा साफ काढून टाकावा आणि फाळका तेवढा शोभेला ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यानं ओझं वाहण्याची थोर परंपरा खंडित होईल, ही भीती अनाठायी आहे. ती जबाबदारी मालकानं केव्हाच स्वतःच्या खांद्यावर घेतली आहे, दरमहा हप्ता भरून.