बारशाला गिऱ्हाईक गैरहजर

२०२३ च्या जुलैत इलॉन मस्क यांनी ट्विटरची चिमणी उडवून लावली आणि तिच्या जागी नुसती फुली मारली, तर जगभरचे लोक सुतक पाळत बसले. यवतमाळात असलं काही होत नाही. इथलं गिऱ्हाईक रडत नाही, निषेधाचं निवेदनही देत नाही. नवं नाव शांतपणे ऐकून घेतं आणि जुनंच वापरतं. पुण्या-मुंबईच्या जाहिरातवाल्यांना यावर अजून उतारा सापडलेला नाही.

ग्रामीण बँकेचंच घ्या. आधी ती यवतमाळ ग्रामीण बँक होती. मग अकोला-बुलडाण्याच्या बहिणींसोबत विदर्भ क्षेत्रीय झाली. २०१३ मध्ये झाली विदर्भ कोकण. कापूस-तूरवाल्यांची हापूसवाल्यांशी सोयरिक दिल्लीतच परस्पर ठरली, इकडच्या वऱ्हाडाला साधी पत्रिकाही नाही. पुढं १ मे २०२५ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ म्हणत ती महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि मुख्यालय नागपूरऐवजी छत्रपती संभाजीनगरला आलं. नव्या नावाच्या बँकेला शहरही नव्या नावाचंच हवं, हे एक बरं जमलं.

इतकी बारशी झाली, पण दारव्ह्याची म्हातारी आधीही ‘ग्रामीण बँकेत’ जात होती, आजही तिथंच जाते. पाटीचा पुढचा भाग दर वेळी बदलला, तो तिनं कधी वाचलाच नव्हता. पाटी रंगवणाऱ्याचं तेवढं भलं झालं. तिचा प्रश्न एकच असतो: “साहेब, बँक बदलली म्हंता, मंग माहे पैसे तेच हायेत ना?” साहेब तिला आयएफएससी कोड समजावून सांगतात.

विजेचीही तीच गत. ६ जून २००५ ला वीज मंडळ फोडून चार कंपन्या काढल्या: सूत्रधार, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण. वीस वर्षं उलटली, तरी वावरातली डीपी जळाली की माणूस म्हणतो, “एमएसईबीले फोन लाव.” हिरो आणि होंडाचा काडीमोड होऊन २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प आली, पण घाटंजीच्या मेकॅनिककडे त्या दोघांचा संसार अजून सुखानं चालू आहे. दाखले काढायची केंद्रं सेतूची महा ई-सेवा झाली, महा ई-सेवाची आपले सरकार झाली. लोक सेतूतच जातात. तिथं आजवर न बदललेलं नाव एकच, ते म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’.

इथं खुद्द सरकारचंही चालत नाही, कंपन्यांची काय कथा! कागदावर तालुका केळापूर, माणसं मात्र जातात पांढरकवड्याला.

याचा अर्थ आम्हाला नव्या नावांचं वावडं आहे असा नव्हे. आम्हाला फक्त दुसऱ्यानं ठेवलेली चालत नाहीत. यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीची. कागदोपत्री मालकाचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी. दत्त चौकात हे नाव घेऊन पत्ता विचारा, लोक तुम्हालाच पाणी पाजून बसवतील. लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. गाडी बंद पडली, नाव अजून धावतं आहे. आणि ज्या प्रांताच्या नावावर कंपनी उभी राहिली, तो १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो, तरी कंपनीनं पाटी काही उतरवली नाही. यवतमाळचं पाणी अंगी लागलेली एवढी एकच कंपनी!

तेव्हा उद्योगपतींनो, पुढचं बारसं करण्याआधी सल्लागाराला कोट्यवधी मोजू नका. चिन्हाचा रंग आणि अक्षराचं वळण बदलल्यानं खिडकीवरची रांग हलत नाही, हे आमच्याकडचं शाळकरी पोरगंही फुकटात सांगेल.

आणि वाचकहो, “तुमच्या बँकेचं नाव बदललंय, नवं खातं चालू करायला ओटीपी सांगा,” असा फोन आला, तर आपल्या जिल्ह्याचा हट्ट तिथं दाखवा. फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा. आणि शंका असेल तर पासबुक घेऊन सरळ ग्रामीण बँकेत जा.