एक हजार एक

काकाजींना इंदोरा चौकापर्यंत सोडायला माझी ना नाही. माझं भांडण आहे ते त्यांच्या मोजणीशी. तुमच्याही गल्लीत असे एक असणारच. स्वतः गाडी चालवत नाहीत, पण दुसऱ्याच्या गाडीवर बसले की ती जणू त्यांच्याच नावावर असते. पाऊस लागला की मग तर विचारूच नका. मी किक मारायच्या आत मागून आवाज येतो, "टायर पाह्यला का, बाबू?" मग ते उतरतात, वाकतात, टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घालतात. कायद्यानं दुचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलिमीटर तरी खोल लागते, कारची 1.6. काकाजींचं एकच नख दोन्हींना पुरतं. "चालते," असा निकाल लागला की निघायचं.

आणि मग मोजणी. पुढच्या गाडीनं विजेचा खांब ओलांडला की माझ्या कानाशी सुरू, "एक हजार एक, एक हजार दोन..." त्याच खांबाशी आपण पोचेस्तोवर कोरड्या रस्त्यावर दोन आणि ओल्यावर चार मोजून व्हायला पाहिजेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जवळपास दुप्पट अंतर लागतं, म्हणून. नियम खरा आहे, जगभर शिकवतात. पण तो संध्याकाळी सहा वाजता कामठी रोडवर पाळून दाखवा! मी चार आकड्यांची जागा सोडली की तिच्यात एक ऑटो, दोन मोपेड आणि एक पाणीपुरीचा ठेला शिरतो. काकाजी शांतपणे पुन्हा एक हजार एकपासून. या हिशेबानं आम्ही इंदोऱ्याकडे जाण्याऐवजी कामठीकडे सरकत असतो.

बरं, खाली उतरल्यावर तरी मोजणी थांबावी? दाल-पकवानच्या दुकानात ते पुढच्या गिऱ्हाइकापासून चार हात लांब उभे राहतात आणि त्या मोकळ्या जागेत लोक घुसतात. एकदा एका सिंधी लग्नात पुढचा पाहुणा गुलाबजामपाशी पोचला, तेव्हा मागून मी स्पष्ट ऐकलं, "एक हजार एक." चौकातला पंक्चरवाला तर रोज विचारतो, "काकाजी, गिनती कहाँ तक पहुँची?" उत्तर ठरलेलं. "एक हजार तीन. तू बीच में मत आ."

सगळ्यात कडक मोजणी मृगाच्या पहिल्या सरीत. उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, घासलेलं रबर आणि धूळ पाण्यावर येऊन रस्ता साबणासारखा होतो. चांगलं धो-धो पडून ते वाहून गेलं की रस्ता उलट बरा. म्हणून पहिल्या पावसात काकाजी कुणालाच निघू देत नाहीत. "घाई कायची आहे? चहा घे ना." एकदा त्यांच्या पुतण्यानं नव्या कारचे चारही इंडिकेटर लावून भर पावसात ऐटीत गल्ली ओलांडली. काकाजींनी छत्रीच्या दांड्यानं काच वाजवली. "चारही लावले तर तू कुठं वळून राह्यला, हे लोकाले कसं समजन बे?" पुतण्या तेव्हापासून दुसऱ्या गल्लीनं जातो.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा काकाजी मोबाइलवरचे बुडालेल्या गाड्यांचे फोटो घरोघर दाखवत फिरले. "फूटभर पाण्यात लहान कार तरंगते. लोहापुलाखाली पाणी दिसलं की गाडी घालाची नाही. बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, इंजिनात पाणी जाते." मी आपला मान डोलवत होतो. मनात म्हटलं, या माणसाला दुसरा धंदा नाही.

मागच्या श्रावणात त्यांच्या घरी चहाला बसलो होतो. काकूंनी कप उजव्या हातानं ठेवला, बशीही उजव्या हातानंच आणली, म्हणून मी डाव्या हाताबद्दल विचारलं. तो कोपरातून सरळ होत नाही. "यांच्या बजाजवर मंगळवारीकडून येत होतो. पहिला पाऊस. पुढं ट्रक."

"किती लांब होता?"

"तेव्हा कोण मोजत होतं?" काकू म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. स्कूटर त्याच आठवड्यात विकली गेली, एवढंच मला नंतर कळलं. काकाजी तोवर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. बोलले काहीच नाहीत. मोजतही नव्हते.

जरीपटका म्हणजे खरं तर मराठ्यांचं निशाण. आमच्या जरीपटका वस्तीत सध्या काकाजींचं निशाण उभं आहे. नारा रोडला रस्त्याच्या कडेला गुडघाभर खड्डा खचलाय आणि पाणी साचलं की तो दिसत नाही. ज्यांनी तो बुजवायचा त्यांच्याकडे काकाजी तीनदा अर्ज देऊन आले. मग एका पावसाळी सकाळी पायजमा गुंडाळून त्यांनी नाल्याकाठची बेशरमाची फांदी तोडली, तिला काकूंच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली आणि खड्ड्यात खोचली. मागं चार गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी छत्री धरून उभा होतो आणि, खोटं कशाला बोलू, मोजत होतो.

बेशरमच ती, खोचली तिथं रुजली. आता तिला पानं फुटलीत, खड्डा मात्र तसाच आहे. नारा रोडनं येणार असाल तर डावीकडून जरा जपून या.