घरच्या जर्मनचा गौरव

अमेरिकेच्या सर्व 50 राज्यांत कायदेशीर असलेल्या गृहशिक्षणात, म्हणजे मुलाला शाळेत न धाडता आई-वडिलांनीच घरी शिकवण्याच्या पद्धतीत, जर्मन भाषेने मिळवलेले स्थान सर्वथा अभिनंदनीय आहे. शिक्षकाला भाषा यावी ही जुनाट अट येथे आपोआप गळून पडते. आई विद्यार्थ्याच्या एक धडा पुढे असली की पुरते, आणि तीन लिंगे व चार विभक्ती यांच्या कचाट्यात (मराठी वाचकाला हे किरकोळच वाटेल) दोघेही एकदमच सापडत असल्याने गुरुशिष्यांतील विषमता उरत नाही. उच्चार तपासणारे कोणी नसल्यामुळे ते चुकतही नाहीत. याच न्यायाने पाठ्यपुस्तकही वर्ज्य केल्यास अध्यापन पूर्णतः स्वावलंबी होईल.

भाषा पक्की करण्यासाठी असे कुटुंब पुढे जर्मनीत स्थायिक झाल्यास तेथे ‘शुलफ्लिष्ट’, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शाळेतच पाठवण्याची कायदेशीर सक्ती, त्याचे स्वागत करते. या सक्तीविरुद्ध काही पालकांनी केलेली तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2006 मध्ये फेटाळली. दंडाची नोटीस आई-वडिलांना शब्दकोशाविना वाचून दाखवण्याइतकी मुलाची तयारी मात्र तोवर घरीच झालेली असते.