तेवढं पेमेंटचं बघाल का?

स्वतंत्रपणे वेबसाइटी बनवून देणारा माणूस एक दिवस धंदा गुंडाळून नोकरीला लागतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘लागला एकदाचा मार्गाला’, आणि धंद्यातले मित्र म्हणतात, ‘गेला बिचारा कामातून’. सूर वेगळा असला तरी दोघांची समजूत एकच असते की, याने स्वातंत्र्य दिलं आणि सुरक्षितता घेतली. माझ्या मते असा व्यवहार मुळात झालेलाच नसतो. द्यायला त्याच्याकडे स्वातंत्र्य फारसं नव्हतं आणि द्यायला कंपनीकडे सुरक्षितता उरलेली नाही. वेबसाइटी तर तो नोकरीतही बनवणारच आहे. सुटलं ते एकच काम, पैसे मागण्याचं. फ्रीलान्सिंगमध्ये हे मूळ काम असतं आणि कोडिंग हा जोडधंदा. पगार मात्र महिनाअखेरीला कुणाला ‘साहेब, जरा बघता का’ न म्हणता खात्यात येऊन पडतो. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक नोकरी धरतात आणि मग मुलाखतीत ‘मला टीमवर्क आवडतं’ असं सांगतात.

मागण्याचं काम किती मोठं असतं, हे बाहेरच्याला कळत नाही. त्याला दिसतो लॅपटॉप, कॉफी आणि सकाळी अकराला उठण्याची मुभा. एखाद्या दंतवैद्याची किंवा दिवेआगरच्या रिसॉर्टची पाच पानांची वेबसाइट घ्या. वर्डप्रेसवर ती आठ-दहा दिवसांत उभी राहते. मग सुरू होतो मजकुराचा काळ. ‘आमच्याविषयी’ या पानावर काय लिहायचं, हे मालकाला तीन महिने सुचत नाही. एरवी स्वतःविषयी तो तासभर बोलू शकतो. फोटो व्हॉट्सॲपवरून येतात, म्हणजे चेपून येतात, आणि त्यांतल्या एखाद्यावर ‘शुभ सकाळ’ असतं. लोगो थोडा मोठा होतो, मग त्याहून थोडा कमी मोठा होतो. ठरलेलं असतं ते निम्मे पैसे आधी आणि निम्मे काम पूर्ण झाल्यावर. सगळी गोम या उत्तरार्धात आहे. बांधकामात स्लॅब पडला की पडला, तो मोजता येतो, त्यावर उभं राहून पेढे वाटता येतात. वेबसाइट पूर्ण झाली, असं मालकाने म्हणावं लागतं, आणि म्हटलं की पैसे द्यावे लागतात, हे मालकालाही समजतं. म्हणून तो म्हणतो, ‘छानच झालीय, फक्त तेवढं एक बघा.’ कौतुकाच्या वेष्टनात दिलेली ही मुदतवाढ असते. पैसे येईपर्यंत पासवर्ड न देणं हा यावरचा जालीम उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो करणाऱ्याच्या नावाने गावभर काय बोललं जातं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

मग तगादा सुरू होतो. तगाद्याचा पहिला मेसेज कधी नीट वाचून पाहावा. ‘नमस्कार सर, कसे आहात? बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. साइट व्यवस्थित चालू आहे ना? सवड मिळाली की तेवढं पेमेंटचं बघाल का? घाई नाही.’ शेवटी जोडलेले हात. एवढ्या मजकुरात रकमेचा आकडा कुठेही नाही. बिलाची तारीख नाही. सरांच्या प्रकृतीची चौकशी आहे, तीत खरं तर फारसं स्वारस्य नाही. साइट चालू आहे की नाही, हे विचारणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त माहीत आहे, कारण होस्टिंगचे पैसे त्याने खिशातून भरलेत. आणि ‘घाई नाही’ हे तर धादांत खोटं, कारण घरभाडं पाच तारखेला जायचं आहे. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि सरांकडून उत्तरादाखल अंगठा येतो. पूर्वी सावकाराच्या कागदावर ऋणको अंगठा द्यायचा; आजही ऋणकोच देतो, फक्त आता त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पुढचं सगळं पंचांगाप्रमाणे चालतं. गणपतीत कुणी पैशाचं बोलत नाही. पितृपक्षात नवं काही करत नाहीत, आणि जुनं बिल चुकवणं हे त्या काळात नवं काम धरलं जातं. दिवाळीत बोनस वाटायचे असतात, सबब ‘दिवाळीनंतर बघू’. मग लग्नसराई येते, अकाउंटंटच्याच घरी लग्न निघतं, आणि मार्चएंडच्या धामधुमीत मागणाऱ्यालाच आपण अविचारी आहोत असं वाटू लागतं. एप्रिलमध्ये नवं वर्ष लागलेलं असतं आणि मागच्या वर्षाची बिलं कुठल्याशा फायलीत गेलेली असतात. या सगळ्यात लबाडी असतेच असं नाही, बरेच क्लायंट मनाने चांगले असतात. वीजबिल थकलं तर वीज तुटते, दूधवाला दारात उभा राहतो. वेबसाइटवाला घाई नाही म्हणतो. देणाऱ्याने रांग कशी लावावी, हे घेणाऱ्यांनीच त्याला शिकवलेलं असतं.

‘मग कायदा कशासाठी आहे?’ असं कुणी विचारील. कायदा आहे आणि अगदी भरभक्कम आहे. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत द्यायला हवेत. चुकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. १ एप्रिल २०२४पासून तर प्राप्तिकरातही तरतूद आली की, अशी लांबवलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाही. तिकडे न्यूयॉर्क शहरात २०१७पासून ८०० डॉलर आणि त्यावरच्या फ्रीलान्स कामाला लेखी करार सक्तीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डिझायनर माइक मॉन्टेरो यांनी २०११ साली थकलेल्या बिलांवर एक भाषण केलं, ते वेबवाल्यांत अजून गाजतंय. त्याच्या शीर्षकाचा उत्तरार्ध ‘मला पैसे द्या’ असा आहे, पूर्वार्ध दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. वकील गाठा, असा त्यांचा सल्ला होता, आणि नुसतं सांगून न थांबता त्यांनी स्वतःचा वकील मंचावर आणला होता. आता हा प्रयोग सदाशिव पेठेत करून पाहा. दंतवैद्य आलेला असतो मामेबहिणीच्या दिराच्या ओळखीतून. त्याला तिप्पट दराच्या चक्रवाढ व्याजाची नोटीस गेली, तर व्याज मिळेल न मिळेल, पुढच्या मुंजीत आपल्या पंगतीला कुणी बसणार नाही, हे नक्की. आपल्याकडे फ्रीलान्सरला काम ओळखीतून मिळतं, म्हणून वसुलीही ओळखीच्याच वेगाने होते. कायदा अनोळखी माणसांसाठी चांगला आहे.

कायद्याने सुटत नसेल, तर उरते कंपनी. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९३७मध्ये एका निबंधात एक साधा प्रश्न विचारला होता. बाजार इतका कार्यक्षम आहे, तर मुळात कंपन्या असतातच कशाला? प्रत्येकाने आपापलं कौशल्य रोज बाजारात विकावं आणि रोज घरी जावं. त्याचं उत्तर असं की बाजार वापरायलाही खर्च येतो. गिऱ्हाईक शोधा, भाव ठरवा, घासाघीस करा, करार लिहा. हा खर्च एका मर्यादेपलीकडे गेला की माणसं एका छताखाली येतात. १९९१मध्ये कोझला नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. वसुलीला मात्र त्याने आपल्या मांडणीत म्हणावं तसं स्थान दिलं नाही. कारण उघड आहे. कोझ तेव्हा लंडनमध्ये पगारी अध्यापक होता.

ही उणीव आपल्याच आयटी कंपन्यांच्या तिमाही निकालांत भरून निघते. त्यांत ‘डीएसओ’ नावाचा एक आकडा असतो. बिल लावल्यापासून पैसे हातात यायला सरासरी किती दिवस लागतात, ते तो सांगतो. जगातल्या बड्या बँकांची कामं करणाऱ्या, वकिलांची फौज बाळगणाऱ्या या कंपन्यांनाही साधारण दोन महिने किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणजे पैसे उशिराच येतात, सगळ्यांचेच. फरक असा की क्लायंटने अडकवले तरी त्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याचा पगार महिनाअखेरीला होतो. मधले साठ-सत्तर दिवस कंपनी पोटात घेते आणि मागायला वेगळी माणसं ठेवते. ज्याने कोड लिहिला, त्याला क्लायंटने पैसे दिले की नाही, याचा पत्ताही नसतो. याबद्दल कंपनी त्याच्याकडून किंमत वसूल करते. त्याच्या नावाने क्लायंटला लावलेलं बिल आणि त्याच्या हातात पडणारा पगार यांतली दरी बघितली तर भोवळ येईल. पण ती कशाची किंमत आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. अपवर्कसारखे मंचही हेच विकतात. क्लायंटचे पैसे आधी स्वतःकडे अडकवून ठेवतात आणि त्याबद्दल फ्रीलान्सरच्या कमाईतून काही टक्के कापतात. लोक खुशीने देतात. न मागण्याचा बाजारभाव हा असा उघड्यावर ठरलेला आहे. नोकरीत तो जरा जास्त पडतो, इतकंच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की फ्रीलान्सिंगमध्ये पैसा जास्त असतो. ताशी दर जास्त असतो, हे खरं. पण त्या दराने गुणायचे ते फक्त बिल लागलेले तास. कोटेशनं लिहिण्याचे, ‘माझा भाचा पाच हजारांत करतो’ हे ऐकून घेण्याचे (हल्ली भाच्याची जागा चॅटजीपीटीने घेतली आहे) आणि मघाचा तो मेसेज पाच वेळा लिहून खोडण्याचे तास कुठल्याच बिलात जात नाहीत. प्रॉव्हिडंट फंडात मालकाचा वाटा नाही, कारण मालक आपणच आणि आपली परिस्थिती आपल्याला माहीत असते. एका बाबतीत मात्र महाराष्ट्र सरकार दोघांना समान लेखतं. नोकरदाराच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची २०० रुपयांची ओळ असते, फेब्रुवारीत ३००ची, म्हणजे वर्षाला २५००. फ्रीलान्सरनेही वर्षाला २५००च भरायचे. नोकरदाराला तो भरला गेल्याचा पत्ता नसतो आणि फ्रीलान्सरला तो भरायचा राहिल्याचा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नोकरी तरी कुठे टिकते? टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या कित्येक घरांत जेवण गेलं नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही, म्हणूनच सुरक्षिततेचा मुद्दा मी सुरुवातीलाच सोडून दिला. पण फ्रीलान्सरची कपात दर प्रोजेक्टच्या शेवटी होत असते, तिला नोटीस पीरियड नसतो आणि तिची बातमी येत नाही. ‘मग दोन्ही डगरींवर हात ठेवावा’, असं शहाणे सुचवतात, म्हणजे दिवसा नोकरी आणि रात्री बाहेरची कामं. विप्रोने सप्टेंबर २०२२मध्ये अशा ३०० जणांना घरी पाठवल्याचं जाहीर केलं. आणि समजा नाही पकडला गेला, तरी रात्रीच्या कामाचे पैसे पुन्हा मागावेच लागणार. ज्या दुखण्यावर औषध घेतलं, तेच रात्रपाळीला बोलावून घेण्यात काय हशील?

राहता राहिला बॉसचा प्रश्न. हिंजवडीचं ट्रॅफिक, सकाळची स्टँडअप मीटिंग, टाइमशीट, अप्रेझलचा फार्स, हे सगळं मला मान्य आहे, त्यातलं काहीही सुखाचं नाही. पण बॉस एक असतो आणि तो रात्री अकराला ‘साइट उघडत नाहीये’ म्हणत फोन करत नाही, निदान रोज तरी. फ्रीलान्सरला क्लायंटइतके बॉस असतात आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरचं वायफाय बंद पडलं की साइट उघडत नाही. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असं सांगणाऱ्या पूर्वजांचा काहींना अजून आधार वाटतो. त्या क्रमवारीत उधारी हा रकाना नव्हता. तो घातला असता तर आडत्याकडे पैसे अडकलेल्या शेतकऱ्याने तिन्हींची जागा बदलून दिली असती. बँक तर केव्हाच बदलून बसली आहे. गृहकर्जाला नोकरदाराच्या तीन पगारपत्रकांनी जे काम होतं, त्याला फ्रीलान्सरची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात. वधू-वर सूचक मंडळांच्या फॉर्ममधल्या नोकरी-व्यवसायाच्या रकान्याबद्दल बोलायलाच नको.

तेव्हा कुणी वेबसाइटवाला नोकरी धरत असेल तर त्याची कीव करू नये आणि अभिनंदनही बेताने करावं. वाचकांपैकी ज्यांच्या दुकानाची, क्लासची, दवाखान्याची साइट कुणा फ्रीलान्सरने करून दिली आहे, त्यांना मात्र एक विनंती आहे. त्याचं बिल शोधा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर आजच चुकतं करा. हा कर भरण्याचं बंधन बिल काढलं की लागतं, पैसे कधी आले याच्याशी त्याचा संबंध नसतो. तुमच्या वाट्याचा तो कर त्याने पुढच्याच महिन्यात स्वतःच्या खिशातून सरकारात भरला आहे.