लिंबू पिळणारे गृहस्थ

टोकियोतील उपनगरी रेल्वे स्थानकांबाहेरच्या गल्ल्यांत, केशकर्तनालय आणि औषधांचे दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, लाल कंदील टांगलेले 'काराआगे'चे साधे उपाहारगृह असते. संध्याकाळी सातनंतर तेथे कचेरीतून सुटलेल्या चारपाच जणांचे जे टोळके बसते, त्यात एक गृहस्थ हमखास असे असतात, की ज्यांचा हात बशी टेबलाला टेकण्यापूर्वीच लिंबाच्या फोडीपर्यंत पोहोचलेला असतो. जपानच्या अभ्यासकांनी चहाच्या विधीवर आणि नोह नाट्यावर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. या गृहस्थांची उपेक्षा मात्र अक्षम्य म्हटली पाहिजे.

त्यांच्या कृत्याचे गांभीर्य कळण्यासाठी पदार्थाची ओळख आवश्यक आहे. काराआगे म्हणजे कोंबडीच्या मांडीचे बहुधा बिनहाडाचे तुकडे सोया सॉस, आले, लसूण आणि साके नावाचे तांदळाचे मद्य यांत मुरवून, गव्हाच्या पिठात किंवा 'काताकुरिको'त घोळून तळण्याचा प्रकार होय. काताकुरिको हे नाव एका रानफुलाच्या कंदावरून आले असले, तरी आज त्या नावाने विकले जाते ते बटाट्याचे सत्त्व. जाणता आचारी हे तुकडे दोनदा तळतो: आधी बेताच्या आचेवर, आतले मांस शिजावे म्हणून, आणि थोडे निवू दिल्यावर पुन्हा कडकडीत तेलात, वरचे कवच खुटखुटीत व्हावे म्हणून. क्यूशू बेटावरील नाकात्सु हे गाव तर या पदार्थाची पंढरी मानले जाते. एवढ्या सायासाने साधलेला कुरकुरीतपणा ओला करायला लिंबाची एक फोड आणि एक परोपकारी माणूस पुरतो.

परोपकारी हा शब्द येथे उपरोधाने वापरलेला नाही. जपानी शिष्टाचारात 'किकुबारी' नावाचा एक गुण फार मोलाचा समजतात. समोरच्याला काय हवे ते त्याने बोलण्यापूर्वीच ओळखून करणे, असा त्याचा अर्थ. हे गृहस्थ त्या गुणाचे मूर्तिमंत पुतळे असतात. सॅलड तेच वाढतात, रिकाम्या पेल्यात बिअर तेच ओततात, आणि त्याच ओघात सर्वांच्या वतीने, सर्वांच्या तुकड्यांवर, लिंबू पिळून मोकळे होतात. त्यांच्या किकुबारीला सामना करावा लागतो तो 'एन्र्यो'चा, म्हणजे आपल्याकडच्या भिडेचा. त्यामुळे ज्याला आंबट मुळीच खपत नाही तोही मान तुकवून आभार मानतो आणि आपला संताप घरी जाताना लोकलमध्ये, तोही मनातल्या मनात, व्यक्त करतो. (मराठी ताटात लिंबाची फोड मिठाशेजारी ज्याची त्याला वाढलेली असते, म्हणून आपल्याकडे भांडणाला इतर विषय शोधावे लागतात.)

हा वाद इतका सार्वत्रिक आहे, की 2017 साली जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या 'क्वार्टेट' या मालिकेच्या पहिल्याच भागात पात्रे त्यावरून हमरीतुमरीवर आली. पिळलेले लिंबू परत घेता येत नाही, हा तक्रारकर्त्यांचा मुख्य मुद्दा होता. अशा चर्चांमुळे गृहस्थांची एक सुधारलेली पोटजात दिसू लागली आहे. ती आधी परवानगी विचारते. फक्त विचारताना फोड दोन बोटांच्या चिमटीत बशीवर धरलेली असते आणि पहिला थेंब उत्तराच्या आधी पडतो. आणखी एक पोटजात अर्ध्याच बशीवर पिळते, पण रसाला सरहद्द पाळण्याची सवय नसते.

जेवण संपत आले, की बशीत एकच तुकडा उरतो. ओसाकाच्या बाजूला त्याला 'एन्र्यो नो कातामारी', म्हणजे भिडेचा गोळा, म्हणतात. सर्वांना हवा असतो आणि कोणीही उचलत नाही. ही कोंडी गृहस्थांना बघवत नाही. ते बशी एकेकापुढे सरकवतात, प्रत्येक जण पोट भरल्याची शपथ घेतो, आणि शेवटी दुकानदार बशी उचलायला येऊन उभा राहिल्यावर तो तुकडा त्यांनाच घ्यावा लागतो. तेव्हा ते कोणाचे लक्ष नाही असे पाहून कागदी रुमालाने त्यावरचा रस हलकेच टिपून घेतात, कारण त्यांना स्वतःला काराआगेवर लिंबू अजिबात आवडत नाही.