सात लाख श्लोक आणि पलंगाखालचे गठ्ठे

अद्भुतकादंबरी म्हणजे जिच्यातील राज्ये नकाशावर सापडत नाहीत आणि जिच्यातील प्राण्यांची नोंद पशुगणनेत होत नाही अशी कादंबरी. आणि स्वप्रकाशन म्हणजे अक्षरजुळणीपासून वाटपापर्यंतचा सारा खर्च लेखकानेच सोसून ‘प्रकाशक’ या शब्दापुढे पत्नीचे नाव छापण्याची पद्धती. या दोहोंचा संगम ज्या व्यक्तीत होतो ती इंटरनेटच्या युगाची पैदास आहे, असा समज छत्रपती संभाजीनगरात सहसा आढळतो. तो टिकणारा नाही, कारण परंपरा प्रमाण मानल्यास या प्रकाराचा आद्य नमुना याच जिल्ह्यात, शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर, पैठणला होऊन गेला.

त्याचे नाव गुणाढ्य. काश्मीरच्या सूर्यवती राणीच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्याची हकिकत विस्ताराने आली आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाला जलक्रीडेच्या वेळी राणी ‘मोदकैः’ असे म्हणाली. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांच्या संधीतून तिला ‘पाणी उडवू नका’ असे सुचवायचे होते, पण राजाने मोदकांची ताटे मागवली, राणी हसली, आणि खजील झालेल्या राजाला व्याकरण शिकण्याची घाई झाली. मंत्री गुणाढ्याने सहा वर्षे लागतील असे सांगितले, तर दुसरा मंत्री शर्ववर्मा याने सहा महिन्यांची हमी दिली, जो क्रॅश कोर्सचा आपल्याकडील अतिप्राचीन उल्लेख मानावा लागेल. या पैजेत हरलेल्या गुणाढ्याने ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, विंध्याचे अरण्य गाठले आणि तेथे पिशाचांकडून उचललेल्या पैशाची भाषेत, शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत विद्याधरांची, म्हणजे आकाशातून फिरणाऱ्या मंत्रज्ञ अर्धदेवांची, सात लाख श्लोकांची कथा लिहून काढली.

शिष्यांनी हे बाड दरबारात नेले असता राजाने भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची एवढ्यावरच ते परत पाठवले. कथानकाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, यावरून न वाचता अभिप्राय देण्याची प्रथाही स्थानिकच ठरते. मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत त्यात टाकण्यास आरंभ केला. जनावरे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली, त्यामुळे राजाच्या ताटात वाळके मांस येऊ लागले, आणि पोटाच्या तक्रारीचा माग काढत राजा अरण्यात पोहोचला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेला एक लाख म्हणजे ‘बृहत्कथा’. संपादक नावाची संस्थाच नसलेल्या आजच्या स्वप्रकाशनात, मजकुराचे सातपैकी सहा भाग कमी करण्याची ही रीत पुन्हा तपासून पाहण्याजोगी आहे.

पुढे बाणभट्टाने सातव्या शतकात लिहिलेल्या ‘कादंबरी’चे कथानकही बृहत्कथेच्या परंपरेतूनच आले असे अभ्यासक मानतात. त्या ग्रंथाची नायिका गंधर्वकन्या, निवेदक पोपट आणि प्रेमिक पुनर्जन्म घेणारे असून, मराठीने या साहित्यप्रकारालाच तिचे नाव दिलेले असल्याने, कापसाच्या पडलेल्या भावावरची अत्यंत वास्तववादी कृतीसुद्धा मुखपृष्ठावर एका गंधर्वकन्येचे नाव वागवते. प्रारंभीच्या मराठी कादंबरीकारांना याची जाणीव होती. 1861 मधील ‘मुक्तामाला’ आणि 1868 मधील ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्यच आहेत. हरि नारायण आपट्यांनंतर मात्र प्रतिष्ठा वास्तवाकडे गेली आणि अद्भुताची रवानगी बालवाङ्मयाच्या फळीवर झाली.

संभाजीनगरच्या कादंबरीकाराची खरी अडचण वेगळीच आहे. त्याच्या कल्पनेला येथे वस्तुस्थितीशी स्पर्धा करावी लागते. त्याने मोठ्या कष्टाने दुर्भेद्य किल्ला उभारावा, तर पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभाच असतो, ज्याच्या कातळात शत्रूला चकवणारी अंधारी नावाची वाट खोदलेली आहे. त्याने लहरी सम्राट रंगवावा, तर 1327 मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवणारा महंमद तुघलक त्याला फिका पाडतो. उलट त्याच्या काल्पनिक नगरीत घरोघरी रोज नळाला पाणी येते असे एक वाक्य गेल्यास, तोवर ड्रॅगन निमूटपणे स्वीकारलेला स्थानिक वाचक तेथेच पुस्तक मिटतो, कारण अद्भुतालाही काही मर्यादा असते असे त्याचे मत आहे.

खुद्द ड्रॅगनही सुखाने नांदत नाही. त्याला अजगर म्हणावे तर अजगर उडत नाही, व्याळ म्हणावे तर वाचकाला कोश उघडावा लागतो, आणि ड्रॅगनच म्हणावे तर उसनवारीचा आरोप येतो. त्यातच तीनशे वर्षे वयाच्या दुष्ट जादूगाराला नायकाने ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’ हा प्रश्न मराठीत अटळ असून, वडीलधाऱ्यांना एकेरी हाक मारणारा नायक घरातील ज्येष्ठांना पटत नाही, म्हणून अनेक घनघोर युद्धे ‘आपण आता मरणार आहात’ अशा अदबीने सुरू होतात.

निर्मितीची बाजू थोडक्यात अशी. एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांना फॉर्मा म्हणतात आणि खर्च फॉर्म्यांवर ठरतो, त्यामुळे कित्येक महायुद्धे पंधराव्या फॉर्म्याअखेर आटोपती घ्यावी लागतात. मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, ज्या विद्येपुढे विद्याधरही नवशिके ठरावेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाला जगभर वेगळे ओळखू देणारा तेरा अंकी क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो; या व्यवहारात विनामूल्य मिळणारी ती एकमेव गोष्ट होय. शिवाय 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, म्हणजे चार प्रतींचा उठाव तर कायद्यानेच होतो. सातवाहनकाळी असा कायदा नव्हता, आणि बृहत्कथेची मूळ पैशाची प्रत आज कोठेही उपलब्ध नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

उरलेल्या प्रतींचे दोन वर्ग पडतात: ‘सस्नेह भेट’ असे लिहून दिलेल्या आणि पलंगाखालच्या. पहिल्या वर्गातील काही प्रती, सहीचे पान फाडलेल्या अवस्थेत, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर आढळतात आणि तेथे त्यांना सवलतीत गिऱ्हाईक मिळते; क्वचित ते गिऱ्हाईक लेखकच असतो. दुसऱ्या वर्गाचा अभ्यास प्रस्तुत लेखकाला घरबसल्या करता आला, कारण त्याच्या पलंगाखाली असे एकोणीस गठ्ठे असून पाहुणे आल्यास त्यांवर सतरंजी टाकून बैठक करता येते.

गुणाढ्याची वितरणपद्धती आजही उपयुक्त आहे किंवा कसे, हे तपासण्यासाठी याच लेखकाने विद्यापीठाजवळच्या गोगाबाबा टेकडीवर एका पहाटे वाचन केले. पाने जाळली नाहीत, कारण फॉर्म्याचा दर ठाऊक होता. एक तांबूस कुत्रा दोन प्रकरणे संपेपर्यंत पंजांवर मान ठेवून स्थिर राहिला. तिसऱ्यात, राजकन्येच्या अपहरणाच्या ऐन क्षणी, फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडला आणि तो उठून गेला.